वय, अनुभव आणि आत्मविश्वास : आपल्याला अपघात होण्याची शक्यता वाहनचालक कशी जोखतात

जगभरात रस्ते अपघातांत दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मृत्युमुखी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे ते सर्वांत मोठे कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या नोंदीनुसार भारतात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. मृतांपैकी ६६.५ टक्के व्यक्ती १८ ते ४५ वर्षे वयाच्या होत्या. हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांवर चर्चाही होते. तथापि, किल्ली फिरवून गाडी सुरू करणारा माणूस त्या आकड्यांत स्वतःला क्वचितच पाहतो. अपघात होतात हे त्याला मान्य असते. तो आपल्याला होईल हे मात्र त्याला पटत नसते.

सर्वसाधारण धोक्याची जाणीव आणि स्वतःच्या धोक्याची जाणीव यांतील हे अंतर गेली सहा दशके मानसशास्त्र आणि वाहतूक सुरक्षा यांच्या अभ्यासाचा विषय आहे. हे अंतर सर्व वयांत आढळते. परंतु प्रत्येक वयात त्याचे कारण वेगळे, रूप वेगळे आणि म्हणून त्यावरील उपायही वेगळा असतो. परवाना कोणत्या वयात द्यावा, शिकाऊ चालकाला काय शिकवावे, ज्येष्ठ नागरिकांच्या परवान्याचे नूतनीकरण कसे करावे, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी या अभ्यासावर अवलंबून आहेत.

जोखीम जोखण्याचे दोन भाग

चालकाची जोखमीविषयीची समज प्रामुख्याने दोन गोष्टींची बनलेली असते. पहिली म्हणजे समोरच्या रस्त्यावर धोका कोठे दडला आहे हे ओळखणे. उभ्या असलेल्या बसच्या पुढून एखादे मूल धावत येऊ शकते, पुढच्या रिक्षाचे चाक किंचित वळले म्हणजे ती वळणार आहे, ओल्या रस्त्यावर पसरलेले तेल चाकाखाली आले तर दुचाकी घसरू शकते, ही सारी चिन्हे वेळेत वाचणे हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे त्या धोक्याला तोंड देण्याची आपली क्षमता किती आहे याचा अंदाज. चालकाचा वेग, पुढच्या वाहनापासून तो राखत असलेले अंतर आणि ओलांडून जाण्याचा त्याचा निर्णय हे सारे या दोहोंच्या वजाबाकीतून ठरते. धोका कमी दिसला आणि क्षमता अधिक वाटली, तर उरणारी जोखीम मनाला शून्यवत भासते.

फिनलंडचे संशोधक रिस्टो नाटानेन आणि हेइक्की सुम्माला यांनी १९७० च्या दशकात मांडलेला सिद्धांत नेमका हेच सांगतो. त्यांच्या मते चालक बहुतेक वेळ कोणतीही जोखीम मनात आणतच नाही. भीतीची जाणीव झाली तरच तो वागणे बदलतो आणि सवयीने ही जाणीव उत्तरोत्तर बोथट होत जाते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांची मांडणी वेगळी होती. प्रत्येकाच्या मनात जोखमीची एक ठराविक पातळी असते आणि रस्ता वा वाहन अधिक सुरक्षित झाले की चालक वेग वाढवून ती पातळी पुन्हा गाठतो, असे त्यांनी १९८२ मध्ये प्रतिपादन केले. या दोन सिद्धांतांवर पुष्कळ वाद झाले. पण चालक प्रत्यक्ष धोक्यानुसार नव्हे, तर त्याला भासणाऱ्या धोक्यानुसार वागतो, याबाबत दोहोंत एकवाक्यता आहे.

‘सरासरीपेक्षा सरस’ चालकांचा देश

या क्षेत्रातील सुरुवातीचा एक लक्षणीय अभ्यास अमेरिकेत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रेस्टन आणि हॅरिस या संशोधकांनी अपघातात जखमी होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या ५० चालकांची आणि अपघाताचा इतिहास नसलेल्या ५० चालकांची तुलना केली. आपण किती कुशल चालक आहोत, या प्रश्नाला दोन्ही गटांनी जवळजवळ सारखीच उत्तरे दिली. रुग्णालयाच्या खाटेवर असलेल्या माणसालाही आपले कौशल्य वरच्या दर्जाचे वाटत होते.

१९८१ मध्ये स्वीडनचे ओला स्वेन्सन यांनी अमेरिका आणि स्वीडन येथील विद्यार्थ्यांना इतर चालकांच्या तुलनेत स्वतःचे स्थान ठरविण्यास सांगितले. कौशल्याच्या बाबतीत अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के सहभागींनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसविले. सुरक्षिततेच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे ८८ आणि ७७ टक्के होते. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले होते की, वाईट घटना इतरांच्या आणि चांगल्या घटना आपल्या वाट्याला येतील असे माणसाला सर्वसाधारणपणे वाटत असते. या प्रवृत्तीला ‘अवास्तव आशावाद’ असे नाव मिळाले.

येथे गणिताचा एक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. बहुसंख्य लोक सरासरीपेक्षा चांगले असणे तत्त्वतः अशक्य नाही. दहा चालकांपैकी नऊ जणांना एकही अपघात झाला नाही आणि एकट्या दहाव्याला दहा झाले, तर सरासरी दरडोई एक अपघात भरते आणि नऊ जण खरोखरच सरासरीपेक्षा सरस ठरतात. परंतु स्वेन्सन यांनी विचारलेला प्रश्न सरासरीचा नव्हता, तर क्रमवारीतील मधल्या स्थानाचा होता. क्रमवारीच्या वरच्या अर्ध्या भागात अर्ध्याहून अधिक माणसे बसूच शकत नाहीत.

‘चांगला चालक’ कोणाला म्हणावे याची व्याख्याही प्रत्येकाची वेगळी असते. एकाच्या लेखी गर्दीतून झपाट्याने वाट काढणारा चांगला, तर दुसऱ्याच्या लेखी कधीही घाई न करणारा. प्रत्येक जण आपल्या सोयीची मोजपट्टी निवडतो आणि त्या मोजपट्टीवर स्वतःला उंच मोजतो. ब्रिटनमधील फ्रँक मॅकेना यांच्या संशोधनाने यात आणखी भर घातली. त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गाडी स्वतः चालवीत असताना माणसाला अपघाताची शक्यता जितकी कमी वाटते, तितकी शेजारी बसून प्रवास करताना वाटत नाही. सुकाणू आपल्या हाती असल्यामुळे परिस्थितीही आपल्या ताब्यात आहे, असा भास त्यामागे असतो.

तरुण चालक : धोका मान्य, पण मित्राचा

तरुणांना धोका कळतच नाही, असे सरसकट म्हटले जाते. संशोधनातून समोर येणारे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. फिन आणि ब्रॅग यांनी १९८६ मध्ये १८ ते २४ आणि ३८ ते ५० या दोन वयोगटांतील पुरुष चालकांचा अभ्यास केला. प्रौढ चालकांनी स्वतःची जोखीम आपल्या समवयस्कांएवढीच असल्याचे सांगितले आणि तरुणांची अधिक मानली. तरुण चालकांनी मात्र आपली जोखीम आपल्या समवयस्कांपेक्षा आणि प्रौढांपेक्षाही कमी असल्याचे सांगितले. म्हणजे तरुण मुले बेफाम गाडी चालवितात हे त्यांना ठाऊक होते. फक्त त्या मुलांत ते स्वतःला धरीत नव्हते.

त्याच वर्षी कॅनडातील मॅथ्यूज आणि मोरान यांनी केलेल्या अभ्यासातूनही अशीच दिशा दिसली. चटकन प्रतिक्रिया देण्याची आणि वाहन हाताळण्याची हातोटी लागणाऱ्या प्रसंगांतील जोखीम तरुणांना विशेष कमी वाटत होती. याला अंशतः आधारही आहे. विशीतील माणसाची दृष्टी, प्रतिक्षिप्त क्रिया आणि शारीरिक चपळाई खरोखरच उत्तम असते. परंतु बहुतेक अपघात चपळाई कमी पडल्याने नव्हे, तर धोका उशिरा दिसल्याने होतात. मूरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ मध्ये चालकांच्या नजरेची हालचाल टिपली असता, नवशिक्यांची नजर गाडीच्या अगदी पुढच्या पट्ट्यात आणि अरुंद क्षेत्रात खिळलेली आढळली. अनुभवी चालक दूरवर आणि दोन्ही बाजूंना पाहत होते. जे दिसलेच नाही, त्यावर चपळ प्रतिक्रिया देणे संभवत नाही.

वेगाचे गणित याच ठिकाणी घातक ठरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. वेग ६० वरून ८० वर गेला की वाहनाची गतिज ऊर्जा पावणेदोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सरासरी वेगातील प्रत्येक १ टक्का वाढीमागे प्राणांतिक अपघाताची जोखीम सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना नमूद करते. भारतात २०२२ मध्ये झालेल्या अपघातांपैकी ७२.३ टक्के अपघातांची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली आहे.

वयाबरोबर संगतीचाही प्रभाव असतो. अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर वाहन चालविण्याचा खेळ खेळण्यास सांगितले. कधी एकट्याने, कधी मित्रांच्या उपस्थितीत. मित्र पाहत असताना किशोरांनी आणि तरुणांनी अधिक धोका पत्करला. प्रौढांवर तेवढा परिणाम झाला नाही. प्रत्यक्ष रस्त्यावरही हेच आढळते. १६ आणि १७ वर्षांच्या अमेरिकी चालकांच्या अपघाती मृत्यूंचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीत बसलेल्यांची संख्या जसजशी वाढते, तसतसा या वयाच्या चालकाच्या मृत्यूचा धोकाही वाढतो, असे त्यात दिसून आले.

अनुभव शिकवतो, तसाच फसवतोही

अनुभवाने माणूस शहाणा होतो, हा सर्वसाधारण समज आहे. वाहन चालविण्याच्या बाबतीत अनुभव हा काहीसा बेभरवशाचा शिक्षक आहे. विस्तवाला हात लागला की चटका लगेच बसतो. लाल दिवा ओलांडला, वळणावर दुसऱ्या वाहनाला मागे टाकले किंवा गाडी चालविताना मोबाइलवरचा संदेश वाचला, तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. शंभरदा चूक करूनही माणूस सुखरूप घरी पोहोचतो आणि दरवेळी त्याच्या मनावर एकच धडा ठसतो की, हे केले तरी चालते. आपण वाचलो ते समोरच्या चालकाने वेळीच ब्रेक लावल्यामुळे, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मँचेस्टर विद्यापीठातील जेम्स रीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ५२० चालकांच्या उत्तरांवरून एक उपयुक्त भेद स्पष्ट केला. चालकांच्या चुकीच्या वागण्यात नियमभंग आणि चुका असे दोन वेगळे प्रकार असतात. वेगमर्यादा जाणूनबुजून ओलांडणे हा नियमभंग. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज चुकणे ही चूक. वय वाढते तसे नियमभंग कमी होतात, चुका मात्र कमी होत नाहीत, असे त्यांना आढळले. तरुणाचा प्रश्न मुख्यतः तो काय करायचे ठरवितो हा असतो. वयोवृद्धाचा प्रश्न त्याला काय जमते हा असतो.

मधल्या वयाच्या चालकांची जोखीम आकडेवारीत सर्वांत कमी दिसते. त्यांच्याकडे अनुभव असतो, शरीर साथ देत असते आणि डोक्यावर कुटुंबाची जबाबदारीही असते. पण त्यांचा आत्मविश्वास ओळखीच्या रस्त्यावर गाफीलपणाचे रूप घेतो. कामाचा फोन, अपुरी झोप, रात्रीचा प्रवास आणि ‘हा रस्ता मी डोळे मिटूनही चालवीन’ ही भावना या वयाचे धोके आहेत. नागपूर आणि मुंबईला जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारखा सरळ, प्रशस्त रस्ता मनाला सुरक्षित वाटतो. परंतु वळणे आणि अडथळे नसलेल्या एकसुरी रस्त्यावर लक्ष विचलित होणे आणि डुलकी लागणे हेच मुख्य संकट ठरते. धोका डोळ्यांना दिसत नसल्याने तो टाळण्याची इच्छाही जागी होत नाही.

ज्येष्ठ चालक : सावधगिरी आणि अंधविश्वास यांच्या मध्ये

वयोवृद्ध चालकांविषयीही दोन टोकाचे समज आढळतात. एक, ते रस्त्यावरचा मोठा धोका आहेत. दुसरा, आयुष्यभराच्या अनुभवामुळे ते सर्वांत सुरक्षित आहेत. दोन्ही अर्धसत्ये आहेत. प्रतिकिलोमीटर प्राणांतिक अपघातांचा आलेख वयानुसार काढला, तर तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. अगदी तरुणांत उंच, मध्यमवयात खाली आणि पंचाहत्तरीनंतर पुन्हा चढता. मात्र या उजवीकडच्या चढाचे कारण डावीकडच्यापेक्षा वेगळे आहे. ली, ब्रेव्हर आणि चेन यांच्या २००३ मधील अमेरिकी अभ्यासानुसार, ज्येष्ठ चालकांच्या मृत्यूंतील वाढीचा ६० ते ९५ टक्के भाग शरीराच्या नाजूकपणामुळे असतो. ज्या धडकेतून पंचविशीतला तरुण फासळीला मार लागून वाचतो, त्याच धडकेत ऐंशीच्या घरातील माणूस दगावतो. शिवाय, वर्षाकाठी अत्यल्प अंतर गाडी चालविणाऱ्यांचा प्रतिकिलोमीटर अपघातदर कोणत्याही वयात जास्त भरतो, कारण त्यांचा प्रवास महामार्गापेक्षा चौक, वळणे आणि वर्दळ यांतूनच अधिक होतो. ज्येष्ठांपैकी अनेक जण याच गटात मोडतात.

बहुसंख्य ज्येष्ठ स्वतःहून मर्यादा घालून घेतात. रात्री, मुसळधार पावसात किंवा गर्दीच्या वेळी गाडी काढणे ते टाळतात. ही सावधगिरी शहाणपणाची आहे. कारण साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच असतो आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर नजर सावरायलाही वेळ लागतो. परंतु ही मर्यादा तोच घालून घेतो, ज्याला आपली उणीव जाणवते. दृष्टी, श्रवण, मान वळविण्याची क्षमता आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची शक्ती इतक्या हळूहळू ओसरते की, ज्याची ती ओसरते त्यालाच ते शेवटी कळते.

अमेरिकेत मॅरोटोली आणि रिचर्डसन यांनी १९९८ मध्ये ७७ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या १२५ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या वयाच्या इतरांपेक्षा आपण वाईट गाडी चालवितो, असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटले नाही. फ्रॉइंड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासणीसाठी पाठविण्यात आलेल्या १५२ वृद्ध चालकांना सिम्युलेटरवर बसविले. स्वतःला समवयस्कांपेक्षा थोडे तरी सरस मानणारे चालक असुरक्षित आढळण्याचे प्रमाण इतरांच्या चौपटीहून अधिक होते. आत्मविश्वासाचा आणि क्षमतेचा संबंध त्या गटात जणू उलटा झाला होता.

जपानमधील एका घटनेने या प्रश्नाची दाहकता जगासमोर आणली. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची भरधाव मोटार पादचारी मार्गावर घुसली आणि तीन वर्षांची मुलगी व तिची आई यांचा मृत्यू झाला. मोटारीत बिघाड झाल्याचा दावा चालकाने खटल्यात केला. न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळून, त्याने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्याचा निष्कर्ष काढला आणि पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने स्वेच्छेने परत केले.

प्रशिक्षणाचा उलटा परिणाम

कौशल्य वाढविले की अपघात कमी होतील, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. उत्तर युरोपातील अनुभव तसा नाही. नॉर्वेत नवख्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे करण्यात आले, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे १९८० च्या दशकात आढळले. स्वीडनचे निल्स पेटर ग्रेगर्सेन यांनी याचे कारण १९९६ मधील एका प्रयोगातून उलगडले. त्यांनी शिकाऊ चालकांच्या एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक लावण्याचे आणि अडथळा चुकविण्याचे कौशल्य शिकविले. दुसऱ्या गटाला त्याच रस्त्यावर, असे कौशल्य किती लवकर अपुरे पडते याचा अनुभव दिला. नंतरच्या चाचणीत दोन्ही गटांची प्रत्यक्ष कामगिरी सारखीच राहिली. फक्त पहिल्या गटाला आपण अधिक कुशल असल्याचे वाटत होते. कौशल्यापेक्षा आत्मविश्वास अधिक वेगाने वाढला होता.

या निष्कर्षांमुळे प्रशिक्षणाचा भर हाताच्या सफाईवरून नजरेच्या सवयीकडे वळला. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून लेखी परीक्षेला धोका ओळखण्याच्या चाचणीची जोड दिली. तीत रस्त्यावरील दृश्यांच्या चित्रफिती दाखविल्या जातात आणि धोका आकार घेऊ लागताच उमेदवाराने तो ओळखायचा असतो.

परवाना पद्धतींचे मार्ग

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. शिकाऊ आणि पूर्ण परवान्याच्या मध्ये निर्बंधांचा एक टप्पा असतो. त्या काळात अनुभवी व्यक्ती सोबत नसताना रात्री उशिरा गाडी चालविण्यास आणि सोबत्यांना बसविण्यास मनाई असते. तरुणाला त्याची जोखीम पटवून देण्याच्या भानगडीत ही पद्धत पडत नाही. अंधार आणि मित्रांची संगत या दोन सर्वांत धोकादायक परिस्थितींपासून ती त्याला काही काळ दूर ठेवते. जपानमध्ये नवख्या चालकाने वाहनावर पहिले वर्षभर विशिष्ट चिन्ह लावणे १९७२ पासून बंधनकारक आहे. त्याच देशात ७५ वर्षांवरील चालकांना नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी २००९ पासून, तर ठराविक नियमभंग केलेल्यांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखविण्याची चाचणी २०२२ पासून द्यावी लागते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहन चालविण्याचे किमान वय १८ आहे. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ते १६, तर व्यावसायिक परिवहन वाहनांसाठी २० आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्यानंतर निर्बंधांचा मधला टप्पा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, तिशीच्या आत परवाना घेणाऱ्याला तो वयाच्या चाळिशीपर्यंत, ३० ते ५० या वयात घेणाऱ्याला १० वर्षे, ५० ते ५५ या वयात घेणाऱ्याला साठीपर्यंत आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ५ वर्षे मिळतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याखालील वयाच्या खासगी वाहनचालकाने आपल्या प्रकृतीविषयी स्वतःच घोषणापत्र भरून द्यायचे असते. २५ मीटरवरून वाहनाचा क्रमांक वाचता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न त्यात असतात. म्हणजे कायदाही येथे चालकाच्या स्वतःविषयीच्या अंदाजावरच विसंबतो.

याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. अशा वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप झाल्यानंतर ही तरतूद देशभर चर्चेत आली. आपला मुलगा गाडी ‘चांगली चालवितो’, हा पालकांचा विश्वासही याच आशावादाचे विस्तारित रूप आहे.

वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास मोटारचालकांचे आहेत. भारतात मात्र रस्त्यावरील मृत्यूंपैकी सर्वाधिक वाटा दुचाकीचा असून, २०२२ मध्ये तो ४४.५ टक्के होता. त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ जणांचा मृत्यू झाला. ‘इथेच तर जायचे आहे’ म्हणून घरी ठेवलेले हेल्मेट हा जोखमीच्या चुकलेल्या अंदाजाचा नित्याचा नमुना आहे. प्रवास जवळचा म्हणून अपघात सौम्य होत नाही. डोके रस्त्यावर आपटताना घरापासूनचे अंतर मोजले जात नाही.

कुटुंबाची भूमिका

स्वतःच्या जोखमीचा अंदाज स्वतःला नीट येत नसेल, तर तो दुसऱ्याच्या नजरेतून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. शेजारी बसलेल्या व्यक्तीला धोका चालकापेक्षा अधिक स्पष्ट जाणवतो, हे संशोधनानेही दाखविले आहे. नव्याने परवाना मिळालेल्या मुलाला पहिले काही महिने रात्री एकट्याने किंवा मित्रांना घेऊन गाडी न देणे, सोबत बसून ‘आता पुढे काय घडू शकते’ असे त्याला विचारत राहणे, हे घरच्या घरी करता येण्याजोगे आहे. कायद्यात नसलेला मधला टप्पा त्यामुळे निदान कुटुंबापुरता अस्तित्वात येतो.

घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक असतो. गाडी हे त्यांच्या स्वावलंबनाचे साधन असते आणि ती सोडणे म्हणजे बँक, दवाखाना, बाजार आणि नातलग यांच्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे. त्यामुळे वयाचा आकडा पुढे करण्याऐवजी चिन्हांकडे पाहावे, असे तज्ज्ञ सुचवितात. गाडीवर नवे ओरखडे दिसणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, चौकात वळताना गोंधळ उडणे, मागून येणाऱ्यांचे हॉर्न वारंवार ऐकू येणे, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांत एकदा जरी गल्लत होणे, ही ती चिन्हे होत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चष्म्याचा नवा क्रमांक किंवा गुंगी आणणाऱ्या औषधात बदल एवढ्यानेही काही अडचणी दूर होतात. जेथे त्या दूर होत नाहीत, तेथे प्रथम रात्रीचा आणि नंतर महामार्गावरचा प्रवास थांबविणे, येण्याजाण्याची दुसरी सोय आधी करून मगच किल्ली परत मागणे, हा क्रम मान राखणारा आणि अधिक परिणामकारक ठरतो.